भार आणि त्याचा खळगा : वीज वाहणारी विषमचक्रीय बहुवारिकं

मागच्या व्याख्यानात आपण पॉलिअॅसिटिलीनपर्यंत आलो होतो. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी त्याला आयोडीनची वाफ दिली आणि एक प्लास्टिक धातूसारखं वीज वाहू लागलं. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पण हा पदार्थ हवेत टिकत नाही. म्हणून आज त्याच्या टिकाऊ भावंडांकडे वळू : पॉलिपायरोल आणि पॉलिथायोफीन.

‘विषमचक्रीय’ हा शब्द दचकवणारा असला तरी अर्थ साधा आहे. पाच अणूंचं कडं. चार कार्बनचे, पाचवा परका. पायरोलमध्ये तो नायट्रोजन, थायोफीनमध्ये गंधक. अशी कडी जोडत गेलं की साखळी होते. साखळीभर कार्बनचे बंध एकाआड एक आखूड आणि लांब असतात. मुख्यतः यामुळेच भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमध्ये फट राहते. पॉलिथायोफीनमध्ये ती सुमारे २ इलेक्ट्रॉन व्होल्ट, पॉलिपायरोलमध्ये ३च्या आसपास. म्हणजे शुद्ध स्थितीत वीज जवळजवळ नाहीच.

आता साखळीतून एक इलेक्ट्रॉन काढला तर? आपल्या मनात नळाचं चित्र असतं : नळ तयार आहे, त्यातून पाणी वाहतं. इथे तसं होत नाही. भार जिथे बसतो तिथल्या काही कड्यांमध्ये बंधांची मांडणीच बदलते. दोन कड्यांना जोडणारा एकेरी बंध दुहेरीकडे झुकतो, कडी एका पातळीत येतात. भार आणि त्याने भोवती केलेला हा बदल, दोन्ही मिळून ‘पोलॅरॉन’. गादीवर बसलेला माणूस आणि त्याच्याखालचा खळगा म्हणा ना! माणूस सरकला की खळगाही सरकतो. ऊर्जेच्या फटीत नव्या पातळ्या येतात आणि रंग बदलतो. लाल पॉलिथायोफीन निळं होतं.

हा खळगा ओळखायचा कसा? कंपनांवरून. १९२८ साली कोलकात्यात रामन यांना सापडलेला परिणाम इथे कामी येतो. साखळीतले सगळे बंध एका तालात ताणले-आखडले जातात, ते कंपन रामन वर्णपटात ठळक दिसतं. पॉलिथायोफीनमध्ये साधारण १४५० प्रति सेंटिमीटरजवळ. अवरक्त वर्णपटात मात्र ते जवळजवळ अदृश्य, कारण त्याने साखळीतला भार इकडून तिकडे हलत नाही. पण साखळी भारित झाली की तीच कंपनं भाराला झोके देतात आणि अवरक्तात एकदम जोरकस पट्टे उमटतात. डोपिंगसाठी आयोडीन वापरा की दुसरं काही, पट्टे तेच. म्हणजे ते पाहुण्याचे नाहीत, साखळीचेच आहेत.

आता खरी मेख. डोपिंग वाढवलं तर काय होतं? एकट्या पोलॅरॉनला स्पिन असतो, त्यामुळे चुंबकीय मोजमापात तो दिसायला हवा. प्रत्यक्षात वीज वाहते, पण स्पिन अपेक्षेपेक्षा फार कमी भरतो. १९८०च्या दशकात उत्तर दिलं गेलं : दोन भार एकाच खळग्यात बसतात, ‘बायपोलॅरॉन’ होतो, स्पिन एकमेकांना रद्द करतात. अनेकांनी ते सिद्ध झाल्यासारखंच धरलं. मग १९९०च्या दशकात लहान साखळ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की शेजारच्या दोन साखळ्यांवरचे पोलॅरॉन जोडी करूनही स्पिन गमावतात.

आम्ही तत्त्वज्ञानाचे, म्हणून इथे थांबतो. स्पिन दिसला नाही, एवढं निरीक्षण. त्यातून बायपोलॅरॉन ‘आहे’ असं म्हणणं हे अनुमान. एकाच धुरामागे दोन वेगळे अग्नी असू शकतात. असं झालं की धुराकडे आणखी टक लावून भागत नाही. दोन अग्नींमध्ये फरक कुठे पडेल ते आधी ठरवावं लागतं आणि तिथे मोजावं लागतं. इथे तो फरक साखळ्यांमधल्या अंतरात आहे : साखळ्या एकमेकींपासून दूर ठेवल्या तर शेजाऱ्यांची जोडी सुटेल, एकाच खळग्यातली सुटणार नाही.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.