विश्लेषण : सनरूफमधून डोके बाहेर काढणे किती धोक्याचे? गाडीच्या टपावर नेमके किती वजन चालते?

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूतील एक चित्रफीत समाजमाध्यमांवर सर्वदूर पसरली. चालत्या मोटारीच्या सनरूफमधून वर आलेला एक मुलगा आणि उंच वाहने अडवण्यासाठी रस्त्यावर लावलेली लोखंडी कमान. गाडी कमानीखालून सहज गेली, मुलाचे डोके मात्र कमानीवर आदळले. चालकाच्या दृष्टीने रस्ता मोकळाच होता, कारण कोणताही चालक गाडीची उंची लक्षात ठेवून गाडी हाकतो, गाडीतून वर उभ्या असलेल्या माणसाची नाही.

महाराष्ट्रातही हे दृश्य नवे नाही. वरातीतला नवरदेव, पावसाळी सहलीला लोणावळ्याला निघालेली मित्रमंडळी, विजयी मिरवणुकीतला उमेदवार आणि मागच्या आसनावरची हट्टी मुले, सगळ्यांना सनरूफ खुणावते. त्याच छतावर गणपतीत गावी जाताना बॅगा चढतात, घर बदलताना गादी बांधली जाते. छत एकच, पण त्याचे नियम आणि मर्यादा फारशा कोणी वाचत नाही.

सनरूफ नेमके कशासाठी असते?

उजेड आणि हवा, एवढ्याच दोन कामांसाठी. उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते. सनरूफची मागची कड थोडी वर उचलली की गरम हवा वरून निघून जाते आणि एसीवरचा ताण कमी होतो. गाडी चालू असताना छतावरून वेगाने जाणारी हवा तिथे कमी दाब तयार करते आणि आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते.

सनरूफ पूर्ण उघडून गाडी चालवली, तर काही वेगांना कानात धडधड जाणवते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा आवाज येतो, तसाच हा प्रकार. गाडीचे केबिन इथे बाटली होते. मागची एक खिडकी दोन बोटे उघडली की आवाज बहुतेक वेळा थांबतो. महामार्गावरील वेगात सनरूफ बंद ठेवणेच चांगले, कारण उघड्या छतामुळे हवेचा विरोध वाढतो आणि इंधन जास्त लागते.

उभे राहिल्यास शरीराचे काय होते?

गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे असे समजू. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. समोर अचानक दुचाकी आली आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला, तर गाडी थांबते, पण आत उभ्या असलेल्या व्यक्तीचे शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. २० किलो वजनाच्या मुलाला अशा वेळी साधारण १५ किलोंचा हिसका पुढच्या दिशेने बसतो आणि त्याचे पोट किंवा छाती थेट छताच्या कडेवर आदळते.

धडक झाली, तर गणित आणखी भयंकर होते. तोच वेग साधारण दशांश सेकंदात शून्यावर आला, तर २० किलोंच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सव्वादोनशे किलोंच्या आसपास जोर लागेल. आईने पाय घट्ट धरले आहेत, बाबांचा हात कमरेला आहे, या दिलाशाला इथे काहीही अर्थ उरत नाही. एवढा जोर कोणाच्याही हातात नसतो.

गाडीतील सुरक्षेची सगळी रचना माणूस आसनावर बसलेला आहे आणि त्याने पट्टा लावलेला आहे, असे गृहीत धरून केलेली असते. डोके छताबाहेर असेल, तर खिडकीच्या बाजूने उघडणारी पडद्यासारखी एअरबॅगही उपयोगाची नाही. गाडी उलटली तर बाहेर आलेला भाग थेट गाडीखाली सापडू शकतो.

बाहेरचे धोके वेगळेच. झाडांच्या खाली आलेल्या फांद्या, लोंबकळणाऱ्या केबल, भुयारी मार्गाआधीच्या कमानी आणि संक्रांतीच्या दिवसांत मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो दरवर्षी रस्त्यांवर आडवा येतोच. दुचाकीस्वाराच्या गळ्याला जो धोका, तोच सनरूफमधून बाहेर आलेल्या मुलाच्या गळ्याला.

गाडी उभी असेल तर चालेल का?

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी रस्त्यापासून बाजूला आणि चालकाचे लक्ष असेल, तर धोका बराच कमी होतो. पण सनरूफचे बटण मुलांच्या हाताला लागते, हे विसरू नये. काच सरकताना मध्ये हात किंवा मान आली तर ती आपोआप मागे फिरावी, अशी सोय अनेक गाड्यांत असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत यासाठी १०० न्यूटनची, म्हणजे साधारण १० किलो वजनाएवढ्या दाबाची मर्यादा आहे. मात्र प्रत्येक गाडीत ही सोय असतेच असे नाही. काही गाड्यांत बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर सनरूफची यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते. त्यामुळे बटण दाबण्याआधी मागे वळून बघणे हाच खात्रीचा उपाय. काचेवर बसणे किंवा तिच्या चौकटीवर भार देणेही टाळावे. सरकणारी यंत्रणा त्यासाठी बनवलेली नसते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये झाला. त्यात सनरूफसाठी वेगळे कलम नाही, पण लागू होणारी कलमे आहेत. कलम १२३ नुसार वाहनाच्या बॉडीच्या आत सोडून अन्यत्र कोणाला बसवून नेण्यास चालकाला मनाई आहे. प्रवाशानेही पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवरून प्रवास करायचा नाही. कलम १८४ धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याबद्दल आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ ब इथे महत्त्वाचे. सीटबेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहेच, शिवाय १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास तेवढाच दंड चालकाला होतो. सनरूफमध्ये उभ्या असलेल्या मुलाला पट्टा लावलेला असणे शक्यच नाही. म्हणजे मुलाचा हट्ट पुरवला, तरी कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी चालवणाऱ्याची.

सामानासाठी कलम १९४ (१अ) आहे. सामान वाहनाच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आले, तर २० हजार रुपये दंड आणि ते उतरवण्याचा खर्चही.

टपावर किती वजन चालते?

हा आकडा गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत असतो. अनेक प्रवासी मोटारींसाठी तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो. त्यात कॅरियरचे वजनही धरायचे असते. समजा मर्यादा ७५ किलो आहे, आडव्या दांड्या आणि कॅरियर मिळून १२ किलो, सामानाची बंद पेटी १५ किलो. मग प्रत्यक्ष सामानासाठी उरले ४८ किलो. म्हणजे दोन भरलेल्या मोठ्या बॅगा.

दुसरी मर्यादा एकूण वजनाची. गाडीचे भरलेल्या अवस्थेतील कमाल वजन १,७०० किलो आणि रिकामे वजन १,२५० किलो असेल, तर माणसे आणि सामान मिळून ४५० किलोच नेता येतात. सरासरी ७० किलोंची पाच माणसे बसली की ३५० किलो तिथेच संपले. डिकी आणि टप मिळून १०० किलो उरले.

आणखी एक गैरसमज छताच्या दोन्ही कडांना असलेल्या रेलबद्दल. काही गाड्यांत त्या फक्त शोभेच्या असतात. त्यांना कॅरियर लावण्याआधी पुस्तिकेत खात्री करावी. एक हजार किलोंची गाडी उलटली तरी छत टिकते, मग शंभर-दोनशे किलोंनी काय होणार, हा युक्तिवादही चुकीचा आहे. टपावरील वजनाची मर्यादा फक्त छताच्या ताकदीवर नाही, गाडीच्या तोलावर ठरते.

घाटात जास्त काळजी का?

सामान सगळ्यात उंच जागी ठेवल्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. माणसांसह १,६०० किलो वजनाच्या मध्यम एसयूव्हीच्या टपावर ७५ किलो ठेवले, तर तो साधारण ५ सेंटिमीटर वर जातो. २०० किलो ठेवले तर साडेबारा सेंटिमीटर. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण वळणावर गाडी उलटण्याची शक्यता याच उंचीवर अवलंबून असते. वरंध किंवा आंबा घाटातल्या वळणावर रोजचा वेग तेव्हा रोजच्यासारखा सुरक्षित राहत नाही. शिवाय वजन वाढल्याने ब्रेक लागायला अंतर जास्त लागते. सोपा नियम असा, की जड सामान डिकीत खाली आणि मागच्या आसनाला चिकटून, हलके आणि फुगीर सामान वर.

गादी दोरीने बांधली तर?

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. सहा बाय चार फुटांच्या गादीचे पुढचे टोक उचलले जाऊन ती वाऱ्यासमोर उभी राहिली, तर ताशी ४० किलोमीटरला तिच्यावर साधारण १६ किलोंचा जोर येतो, ८० ला तो ६५ किलोंवर जातो. खिडकीतून हात काढून गादी धरणारा सहप्रवासी हा जोर थोपवू शकत नाही. उडालेली गादी मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी जीवघेणी ठरू शकते.

त्यासाठी कॅरियरवर रॅचेटचे पट्टे वापरावेत. लवचिक बंजी दोरी ताणली जाते, ती मुख्य बांधणीसाठी नाही. लांब सामान पुढून आणि मागूनही बांधावे, पण प्लास्टिकच्या बंपरला नाही, तर गाडी ओढण्यासाठी दिलेल्या हुकाला. सपाट पट्टा वाऱ्यात घूं घूं करत असेल तर त्याला एक पीळ द्यावा. निघाल्यावर २०-३० किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत, कारण सामान दबून पट्टे सैल होतात. गाडीची नवी उंचीही मोजून ठेवावी. अनेक तळघरातील पार्किंगची मर्यादा २.१ मीटरच्या आसपास असते.

सनरूफ असलेल्या गाडीला कॅरियर चालतो का?

पुस्तिकेत परवानगी असेल तर चालतो. मात्र भार दोन्ही बाजूंच्या आधारांवरच जायला हवा, काचेवर नाही. कॅरियर लावल्यावर सनरूफ वर उचलले तर ते पेटीला अडते, त्यामुळे तेवढे दिवस ते बंदच ठेवावे. सनरूफ नसलेल्या गाडीचे छत बाहेर कापून घेणे मात्र टाळलेलेच बरे. छताचे आडवे आधार कापले गेले की गाडीचा सांगाडा कमजोर होतो. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करण्यास कलम ५२ चा अटकाव आहे.

पावसाळ्यापूर्वी काय पाहावे?

सनरूफच्या चौकटीत येणारे थोडे पाणी कोपऱ्यांतील बारीक नळ्यांतून खाली जाते. झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर पाने, फुले आणि धुळीने या नळ्या तुंबतात आणि पाणी आतल्या छताच्या कापडात उतरते. जूनपूर्वी चौकट पुसून प्रत्येक कोपऱ्यात थोडे पाणी ओतावे. ते चाकांजवळ खाली पडले तर नळ्या मोकळ्या आहेत.

लांबच्या प्रवासाला निघताना तीन गोष्टी बघण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. टपावरील वजन पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत आहे का, भारानुसार टायरमध्ये हवा भरली आहे का आणि मागे बसलेल्या मुलांचे पट्टे लागले आहेत का. मुलाला आकाश बघायचेच असेल, तर ते आसनावर बसून, काचेतूनही दिसते.