संकटकाळीं निघण्याची पडशी

डोंगरकडेच्या व नदीकांठच्या आमच्या शेतकरी बंधूंवर पावसाळ्यांत एखादे रात्रीं घर सोडून निघण्याचा प्रसंग येऊं शकतो, हें आतां कोणास पटवून देण्याची गरज उरलेली नाहीं. आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगर कोसळला आणि १५१ माणसें दगावलीं. गांव दिसेनासें झाल्याची वार्ता बाहेर गेली ती एस. टी. च्या बसचालकामुळें. पुढें ता. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळिये येथें, आणि ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीस तोच अनर्थ घडला. तिन्ही वेळां महिना जुलैचाच होता, हें वाचकांनीं ध्यानांत धरावें.

येथें एक गोष्ट आरंभींच स्पष्ट सांगितली पाहिजे. दरड प्रत्यक्ष सुटल्यावर कोणतीहि पिशवी माणसास वांचवीत नाहीं. वांचतो तो आधीं निघालेला माणूस. मग पिशवी भरून ठेवण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन हेंच कीं, निघण्यास जो उशीर होतो तो बहुतकरून वस्तूंच्या पायीं होतो. कागद कोणत्या पेटींत, औषध कोणत्या फळीवर, पैसे कोणत्या डब्यांत, या शोधाशोधींत घटका जाते, आणि मग "पाऊस जरा ओसरूं द्या, सकाळीं पाहूं" असा विचार बळावतो. आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. पडझडीचे व पुराचे पंचनामे लिहितांना "घरांत परत कशास गेलां?" हा प्रश्न आम्हांस पुष्कळांस विचारावा लागला. एक पासबुकासाठीं गेला होता, एक चष्म्यासाठीं, आणि एक म्हातारी कोंबड्यांचें खुराडें उघडण्यासाठीं. तयार पडशी खुंटीवर असली तर पहिले दोघे गेले नसते. म्हातारी मात्र गेलीच असती. तिचा विचार पुढें जनावरांच्या प्रकरणीं करूं.

ही कल्पना परकी नव्हे. सन १८९७ च्या सुमारास प्लेगाची सांथ पुणें प्रांतांत पसरली, तेव्हां लोक गांव सोडून रानांत झोंपड्या घालून राहत. काय न्यावें व काय मागें ठेवावें याची त्या पिढीस संवय झाली होती. जपानांत ता. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाचा दिवस आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळतात, आणि तेथील पुष्कळ कुटुंबें अशी पिशवी भरून दाराशीं ठेवतात. आम्ही तिला पडशी म्हणतों, कारण खांद्यावरून पुढें व मागें लोंबणारी आपली दोन कप्प्यांची जुनी पडशी ही तिची सख्खी बहीण होय. मुलांचें शाळेचें मजबूत दप्तर, रुंद पट्ट्यांचें असल्यास, तेंहि उत्तम चालतें. लोखंडी पेटी मात्र नको, आणि डोक्यावरचें गाठोडेंहि नको. सपाट वाटेस गाठोडें ठीक. पण रात्रीं वारा व पाऊस अंगावर घेत उतार उतरतांना एक हात त्यास धरण्यांतच अडकतो. दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत, एक काठीस व एक मुलास.

पहिला नियम वजनाचा. धडधाकट माणसानें चिखलाच्या वाटेनें आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक ओझें घेऊं नये. साठ किलोच्या माणसास दहा किलो पुष्कळ झालें. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, हें विसरून लोक प्रथम पाण्याच्या बाटल्याच भरतात. म्हाताऱ्यांस व दहा-बारा वर्षांच्या मुलांस याच्या निम्मेंहि देऊं नये. त्यांच्याकडे त्यांचे कपडे व घोंगडी एवढेंच असावें. पडशी भरल्यावर ती पाठीस लावून घरच्या सर्वांनीं एकदां शिवारापर्यंत जाऊन यावें. घरीं हलकी वाटलेली पडशी अर्ध्या कोसावर काय म्हणते तें तेव्हांच समजतें, आणि निम्म्या अनावश्यक वस्तू आपोआप बाहेर पडतात.

दुसरा नियम भरण्याचा. नाणेघाटाच्या वाटेनें पूर्वीं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून माल जात असे. एका बाजूची गोणी जड झाली कीं बैलाची पाठ सोलवटून निघते, हें लादणाऱ्यास पक्कें ठाऊक असे. माणसाच्या पाठीस न्याय तोच. सर्वांत जड वस्तु पाठीस चिकटून, कमरेच्या वर व खांद्यांच्या खालीं ठेवावी; कपड्यांसारखी मऊ व हलकी वस्तु तळाशीं; आणि जिला अंधारांत प्रथम हात घालावा लागेल ती, म्हणजे बॅटरी, शिट्टी व औषध, सर्वांत वर अथवा बाहेरच्या कप्प्यांत. जड वस्तु पाठीपासून दूर राहिली तर ती माणसास मागें ओढते, आणि उतारावर मागें ओढला गेलेला माणूस घसरतोच. मोकळी जागा राहूं देऊं नये. आंत हलणारें ओझें स्थिर ओझ्याहून अधिक दमवितें.

तिसरा नियम पाण्यापासून रक्षणाचा. आहुपे, असाणे, हातवीज, घाटघर या बाजूचा पाऊस वरून जितका येतो तितकाच आडवा येतो, त्यामुळें पडशीवर नुसतें कापड टाकून भागत नाहीं. प्रत्येक जिन्नस निराळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून, तोंड पिळून व दुमडून, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनें करकचून बांधावें. एक पिशवी फुटली तरी बाकीचें कोरडें राहतें. खताच्या गोणीचें आंतलें अस्तर धुऊन वाळवून कपड्यांस चालेल, खाण्याच्या जिनसांस नको. आणि फवारणीच्या औषधाचा डबा अथवा पिशवी, कितीहि धुतली तरी, कशासहि वापरूं नये. वरून घोंगडीची खोळ घेतली म्हणजे माणूस व पडशी दोन्ही झांकतात.

खाण्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं; शिदोरी बांधणें आमच्या माउलींस आम्हीं शिकवावें असें नव्हे. न शिजवितां खातां येईल व महिनाभर टिकेल असेंच घ्यावें: फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, सातूचें पीठ. भाकरी व दशमी आयत्या वेळीं मिळाली तर घ्यावी, साठवूं नये. माणशी दोन दिवसांचा हिशेब धरावा. इरशाळवाडीस मोटाररस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांस डोंगर पायीं चढून जावें लागलें. असा प्रसंग ज्या वाडीवर येऊं शकतो तेथें पहिला दिवस आपल्याच पाठीवरच्या अन्नावर काढावा लागेल असें समजून चालावें. पाणी माणशी एकच लिटर, आणि पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या अथवा थेंब. जुलाब लागल्यास एक लिटर शुद्ध पाण्यांत साखर सहा सपाट चमचे व मीठ अर्धा सपाट चमचा (चहाचा लहान चमचा) विरघळवून थोडें थोडें पाजावें. मीठ अंदाजानें घालूं नये. अधिक झाल्यास लहान मुलास अपाय होतो.

बॅटरीचे सेल काढून निराळे ठेवावे, नाहीं तर ते गळून बॅटरी निकामी होते. काड्यापेटी घट्ट झांकणाच्या डबींत, कासरा दहा हात, एक कोयता म्यान घालून. शिट्टीची कोणी थट्टा करूं नये. ढिगाऱ्याखालीं अडकलेल्याचा आवाज थोड्याच वेळांत बसतो, शिट्टी श्वास आहे तोंवर वाजते. ती प्रत्येकाच्या गळ्यांत असावी, पडशींत नव्हे. मोबाइलचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावे, कारण यंत्र बंद पडलें कीं क्रमांकहि गेले. त्यांत तांतडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ व जिल्हा आपत्ति कक्षाचा १०७७ असावा. रक्तदाब, साखर, फेफरें यांचीं औषधें दहा दिवसांचीं, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. इन्शुलिन मात्र पडशींत कायम ठेवतां येत नाहीं; त्याची आठवण कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडशीवरच शिवावी.

आतां कागद. या बाबतींत आमचा थोडा अधिकार आहे असें आम्ही समजतों. लोक सातबाऱ्याचा उतारा जिवापाड जपतात आणि जें जपावयाचें तें माळ्यावर टाकतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व आठ-अ आतां कोठूनहि काढतां येतो, नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, आधारपत्राचेंहि तेंच. हे कागद भिजले तर खर्च व हेलपाटे होतील, पण हक्क बुडणार नाहीं. ज्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंच नसते ते कागद निराळे. भावाभावांनीं सह्या करून ठेवलेली वाटणीची यादी, कर्ज फेडल्याची पावती, सोसायटीचा बेबाकी दाखला, हातउसन्याची चिठ्ठी, वनहक्काच्या दाव्याबरोबर जोडलेले जुने पुरावे, हे प्रथम पिशवींत जावे. त्यांच्या मागोमाग शिधापत्रिका, पासबुक, विम्याचे कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले व जातीचे दाखले. सर्वांचीं छायाचित्रें काढून मंचर, घोडेगांव अथवा जुन्नर येथील एखाद्या विश्वासू नातलगाच्या मोबाइलवर आधींच पाठवून ठेवावीं. स्वतःच्या मोबाइलवर ठेवलेलें छायाचित्र मोबाइलबरोबरच वाहून जातें.

याचें कारण सांगतों. आपत्तीनंतरची सारी मदत पंचनाम्यावर चालते, आणि पंचनाम्यांत "होतें" एवढें म्हणून भागत नाहीं, "काय होतें" तें दाखवावें लागतें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं ठरविलेल्या दरांप्रमाणें मृताच्या वारसांस ४ लाख रुपये, दुभती गाय अथवा म्हैस गेल्यास ३७,५०० रुपये, बैल गेल्यास ३२,००० रुपये व शेळीमेंढीस ४,००० रुपये अशी मदत ठरली, तीहि ठराविक संख्येच्या मर्यादेंत. जनावर मातीखालीं गेलें तर तें आपल्या गोठ्यांत होतें हें सिद्ध कशानें करणार? प्रत्येक जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वहींत लिहावा, आणि गोठ्यासमोर उभें करून बिल्ला दिसेल असें त्याचें छायाचित्र काढावें. अर्ध्या तासाचें काम आहे.

जनावरांवरून वरची म्हातारी आठवली. शेतकरी घर सोडीत नाहीं तो कित्येकदां दावणीमुळें. मावळांतल्या रात्रीं चार ढोरें हांकीत निघणें बहुधा शक्य होत नाहीं. परंतु तीं सोडणें शक्य असतें, आणि सोडलेलें जनावर आपली वाट आपण काढूं शकतें, बांधलेलें दाव्यासकट मरतें. म्हणून जून ते सप्टेंबर दाव्यास अशी गांठ मारावी कीं मोकळें टोंक एकदां ओढतांच ती सुटावी. भिजून आवळलेली नेहमीची गांठ अंधारांत सुटत नाहीं. खुराड्याच्या दाराची दोरीहि तशीच बांधावी. हें काम घरांतील एकाच ठराविक माणसाकडे असावें, म्हणजे सगळेच गोठ्याकडे धांवणार नाहींत.

निघावें केव्हां? डोंगरउतारावर नव्या भेगा पडणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा आटणें, झाडें व विजेचे खांब कलणें, दारें चौकटींत अडकूं लागणें, यांतील एकहि खूण दिसल्यास सरकारी सूचनेची वाट पाहूं नये. उजेड असतांनाच निघावें. आपल्या तालुक्यांत ऊस वाढल्यापासून बिबट्याचा वावर गांवकुसापर्यंत आला आहे. रात्रीं निघणें भागच पडलें तर चार घरांनीं मिळून, मुलें मध्यें घेऊन, पुढें व मागें बॅटरीवाला ठेवून चालावें. ओढ्याच्या पात्रांतून जाणारी जवळची वाट टाळावी.

घोड, मीना व कुकडी यांच्या कांठच्या मंडळींस दरडीचें भय थोडें, पण डिंभे, वडज, माणिकडोह, येडगांव या धरणांतून सोडलेल्या पाण्याचें आहे. तालुक्यास नांव देणारें आंबेगांव डिंभ्याच्या जलाशयांत गेलें, तेव्हां तेथील लोकांस बांधाबांध करण्यास निदान अवधि होता. पुण्याच्या लोकांस ता. १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेत व पाठोपाठ खडकवासल्याचें धरण फुटलें तेव्हां, तो फारच थोडा मिळाला. नदीकांठीं पडशी हलकी व वाट उंचावरची, एवढाच फरक.

पडशी माळ्यावर अथवा पेटींत नसावी. बाहेर पडण्याच्या दाराआड, मुलाचा हात पोहोंचेल अशा खुंटीवर असावी, आणि घरांत ती कोणती हें पाहुण्यासहि माहीत असावें. मृग लागण्यापूर्वीं ती एकदां संपूर्ण उपसून पुन्हा भरावी. पुढें दर अमावास्येस फुटाणे व लाडू मुलांस खाऊं घालून नवे ठेवावे, सेल व औषधांची मुदत पाहावी, मुलांचे कपडे अंगास होतात कीं नाहीं तें पाहावें. दहा, वीस व पन्नासाच्या मिळून हजारभर रुपयांच्या नोटा आंत असतात. त्या घरखर्चास उसन्या निघतात असा अनुभव आहे, तेव्हां त्या मोजूनच पडशी परत खुंटीस लावावी.