ओर्व्हिएतोची विहीर

इटलीला गेलेला आपल्याकडचा प्रवासी बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस करून परततो. मी मात्र सुट्टीचा पहिला दिवस ओर्व्हिएतो या डोंगरी गावासाठी राखून ठेवला होता. अंब्रिया प्रांतातले हे गाव एका सुट्या कातळाच्या माथ्यावर वसले आहे. स्टेशन पायथ्याशी आणि गाव वर. मधली चढण दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीतून पार करायची. १८८८ साली सुरू झालेली ही गाडी पूर्वी पाण्याच्या वजनावर चाले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरले की तो जड होऊन खाली उतरे आणि खालचा डबा वर खेचला जाई. आता ती विजेवर चालते.

वर पोहोचताच बहुतेक मंडळी कॅथीड्रलकडे वळली. गडावर गेल्यावर आधी पाणी कोठे आहे ते पाहावे, ही सह्याद्रीत भटकणाऱ्यांची सवय. मी जवळच्याच विहिरीकडे गेलो.

१५२७ साली सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप सातवा क्लेमेंट कैदेतून वेषांतर करून निसटला आणि या कातळावर आश्रयाला आला. कडे अभेद्य होते खरे, पण वेढा पडला तर पाण्याचे काय? त्याने धाकट्या अंतोनिओ दा सांगाल्लोला विहीर खोदावयास सांगितले. खोली सुमारे ५३ मीटर! इतक्या खोलवरून खेचरांच्या पाठीवर पाणी आणायचे, तर उतरणारी आणि चढणारी जनावरे वाटेत एकमेकांना अडवणार. सांगाल्लोने यावर दोन जिने योजले. एकाच काठीभोवती दोन दोरे गुंडाळावेत, तसे ते मधल्या पोकळीभोवती एकावर एक फिरत जातात. कोठेही छेदत नाहीत. प्रत्येकाला २४८ पायऱ्या, त्याही खेचरांना सोसतील अशा रुंद आणि ठेंगण्या. एका दाराने रिकामे उतरायचे, तळाशी पाण्यावरचा लहानसा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या दाराने भरलेले बाहेर पडायचे. उजेड येतो तो पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून. काम १५३७ साली पुरे झाले. क्लेमेंट १५३४ मध्येच वारला होता.

इतके खोदणे शक्य झाले, कारण हा कातळ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड. एट्रुस्कन काळापासून लोकांनी त्याच्या पोटात विहिरी, तळघरे, तेलाचे घाणे कोरले. अशा गुहा हजारावर आहेत. पण दगडाखाली चिकणमाती आहे. वरून मुरणारे पाणी तिला भिजवते आणि कडे ढासळतात. अखेर १९७८ साली इटलीच्या संसदेला हा कातळ सावरण्यासाठी खास कायदा करावा लागला. गावाचे खरे दुखणे ते हेच. प्रवासी पुस्तिका त्याविषयी फारशा बोलत नाहीत.

कॅथीड्रलही पाहिले. बांधकामाला आरंभ १२९० चा, भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे, आत सिन्योरेल्लीने रंगविलेला जगाचा अंत. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.

काही गुहांच्या भिंतींत ओळीने लहान चौकोनी कोनाडे दिसतात. ती कबुतरांची खुराडी. दरीकडच्या खिडकीतून पक्षी बाहेर जाऊन आपले पोट भरत, रात्री घरट्याकडे परतत आणि मालकाच्या पानात पडत. रात्री खाणावळीच्या यादीत कबूतर होतेच. मी भाजीचे सूप मागविले.