विंचवावरची अर्धी गोळी

आमच्या दाभोळला विंचू काही नवा नाही. जांभ्याच्या गडग्यात, सरपणात, पेंढ्यात तो भेटतोच. पूर्वी विंचू उतरवणारे असायचे आणि बहुतेकांना उतार पडायचासुद्धा. कारण पुष्कळ दंशांत नुसती जीवघेणी वेदना होते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर तुलनेला दुसरा गटच नव्हता. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की मात्र प्रकरण वेगळं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्यांनी खाटेशेजारी राहून नोंदी केल्या. उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाची ताठरता, ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ लक्षणं आहेत, असं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाहिन्या बंद होऊ देत नाही. मग अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. या आवळणाऱ्या अल्फा रिसेप्टरलाच अडवणारं औषध म्हणजे प्राझोसिन. मुळात ते रक्तदाबाचं. बावस्कर दांपत्याने १९८६ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. गंभीर रुग्णांतले मृत्यू ४० टक्क्यांच्या आसपास होते, ते १ टक्क्यावर आले.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला सांगायचंय ते गोळीबद्दल.

डोस आहे वजनाच्या प्रत्येक किलोला ३० मायक्रोग्रॅम. १६ किलोचं मूल घ्या: ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची जवळजवळ अर्धी. आता शिकत असताना एका रुग्णालयातली रात्र सांगते. कपाटात हेच औषध होतं, पण २.५ मिलिग्रॅमचं, हळूहळू विरघळणारं. मी कटर हातात घेतला होता. सिनियर सिस्टर म्हणाल्या, "थांब गं, स्ट्रिप दाखव आधी." त्या गोळीचा अर्धा भाग म्हणजे १.२५ मिलिग्रॅम, हव्या त्या डोसच्या अडीचपट. शिवाय तुकडा केला की हळू सुटण्याची रचनाच मोडते. न तोडता दिली तरी उपयोग नाही, कारण इथे औषध लगेच लागू पडायला हवं. नाव तेच, औषधही तेच, तरी गोळी चुकीची. चिठ्ठीवर मायक्रोग्रॅमचं लघुरूप घाईत मिलिग्रॅमसारखं वाचलं गेलं, तर चूक थेट हजारपट. म्हणून शब्द पूर्ण लिहायचा.

पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी गेलेलं असेल तर जास्तच. म्हणून पाणी भरून काढायचं आणि रुग्णाला आडवंच ठेवायचं. आई रडणाऱ्या पोराला खांद्यावर घेणार, हे ठरलेलं. "ताई, कडेवर नको, शेजारी बसा, हात धरा," हे तिला समजावणं हा औषध देण्याचाच भाग आहे, पण चार्टमध्ये त्याला रकाना नसतो. दर ३ तासांनी बघायचं, गरजेप्रमाणे डोस पुन्हा, आणि हातपाय गरम व कोरडे होईपर्यंत नजर हटवायची नाही.

नुसती वेदना असेल तर प्राझोसिन नको. उलट गंभीर रुग्णाला सुरुवातीला वेदना फारशी जाणवत नाही, बरा होऊ लागला की ती परत येते. पहाटे मूल दंशाच्या जागेसाठी रडू लागलं की नवख्या नर्सला वाटतं, बिघडलं! खरं तर ती चांगली खूण असू शकते.

आता संशोधनाकडे. ४० वरून १ टक्का ही आधी-नंतरची तुलना आहे. त्याच काळात रस्ते सुधारले, लोक लवकर येऊ लागले, डॉक्टरांचा हात बसला, असं कुणी म्हणालं तर? इतका मोठा फरक केवळ त्याने पडेल असं मला वाटत नाही, पण प्रश्न रास्त आहे. विंचू उतरवणाऱ्याला आपण तोच विचारला होता. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्करांची चाचणी आली: ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण सावरले, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. फरक ठळक आहे. मात्र कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि घाम थांबला का, पाय गरम झाले का, हे माणसाच्या नजरेने ठरत होतं. तुमच्या आराखड्यात असं मोजमाप असेल, तर ते करणाऱ्याला गट कळू देऊ नका.

आमच्याकडचा प्रश्न अजून वेगळा आहे. दाभोळहून दापोलीचा रस्ता वळणांचा, पलीकडच्या धोपाव्याहून आलेला रुग्ण आधी फेरीबोटीत. पहिली गोळी निघण्यापूर्वी द्यायची की पोचल्यावर? निघण्यापूर्वी दिली, तर रिक्षात त्या मुलाला आडवं कसं ठेवायचं? माझ्या प्रबंधाच्या वहीत पहिल्या पानावर सध्या एवढंच लिहिलंय.