ई-कॅडहेरिन

ई-कॅडहेरिन हे शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे प्रथिन आहे. ते शरीरातील नलिका, ग्रंथी व पोकळ अवयव यांच्या अस्तरातील अभिस्तर पेशींमध्ये आढळते. मानवात हे प्रथिन तयार करण्याची माहिती १६व्या गुणसूत्रावरील सीडीएच१ या जनुकात असते. स्तनाच्या कर्करोगाचा प्रकार ओळखण्यासाठी, तसेच कर्कपेशींचा प्रसार समजून घेण्यासाठी या प्रथिनाला महत्त्व आहे.

रचना व कार्य

कॅडहेरिन कुळातील प्रथिनांचे कार्य कॅल्शियमवर अवलंबून असते. हे कुळ जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून ओळखले गेले. ई-कॅडहेरिनच्या रेणूचा पेशीबाहेरील भाग शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूला पकडतो. आतील टोक कॅटेनिन प्रथिनांच्या मदतीने पेशीतील ॲक्टिन तंतूंशी जोडलेले असते. कॅल्शियम काढून घेतल्यास ही पकड सैल होते.

खंडिकीय कर्करोग

स्तनाच्या आक्रमक कर्करोगांपैकी सुमारे १० ते १५ टक्के कर्करोग खंडिकीय प्रकारचे असतात. त्यांतील बहुसंख्य गाठींमध्ये ई-कॅडहेरिन नाहीसे झालेले असते. त्यामागे बहुधा सीडीएच१ जनुकातील उत्परिवर्तन असते. एकमेकींपासून सुटलेल्या पेशी ऊतीत एकामागोमाग एक अशा रांगेने पसरतात. त्यामुळे अनेकदा हाताला स्पष्ट गाठ लागत नाही आणि मॅमोग्राफीतही हा कर्करोग नजरेतून सुटू शकतो. ऊतीच्या नमुन्यावर ई-कॅडहेरिनची रंजन चाचणी केल्यास निदानाला मदत होते. हाडांखेरीज उदरावरण, बीजांडकोश व पचनमार्ग येथेही हा कर्करोग पसरू शकतो.

वाहिनीय कर्करोग

सर्वांत जास्त आढळणाऱ्या वाहिनीय कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा टिकून असते. काही पेशींमध्ये मात्र स्नेल, स्लग व ट्विस्ट ही नियामक प्रथिने सीडीएच१ जनुकाचे कार्य दडपतात. अशा पेशी अभिस्तराचे गुणधर्म कमीअधिक प्रमाणात सोडून अधिक चल बनतात. हा बदल उलटही होऊ शकतो.

प्रसारातील दुहेरी भूमिका

ई-कॅडहेरिन हा कर्करोगाच्या प्रसाराला घातलेला केवळ लगाम आहे, अशी समजूत बराच काळ प्रचलित होती. परंतु वाहिनीय कर्करोगाच्या दूरच्या अवयवांतील गाठींमध्येही हे प्रथिन सापडते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील व प्रयोगशाळेतील प्रयोगांत ते काढून टाकल्यावर कर्कपेशींचे आसपासच्या ऊतीतील आक्रमण वाढले. मात्र त्या पेशी अधिक प्रमाणात मृत झाल्या व दूरच्या अवयवांतील प्रसार घटला. मूळ गाठीतून सुटणे आणि नव्या जागी जगणे या भिन्न पायऱ्या आहेत, आणि दोन्हींत आसंजनाचे महत्त्व वेगवेगळे असते. म्हणून पेशींमधील पकड वाढवणे किंवा तोडणे यांपैकी कोणताही एकच उपाय सर्व रुग्णांना लागू पडेल असे मानता येत नाही.

आनुवंशिक उत्परिवर्तन

सीडीएच१मधील दोष पालकांकडूनही येऊ शकतो. न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत जठराच्या कर्करोगाचा या जनुकाशी असलेला संबंध १९९८ साली दाखवला गेला. असे उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या खंडिकीय कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. त्यामुळे त्यांना जनुकीय समुपदेशन व नियमित स्तनतपासणीचा सल्ला दिला जातो.