ईरीचे हिरवे पाणी

टोलिडो (ओहायो, अमेरिका) : वाशीमकडच्या धनजच्या शेतकऱ्याला इथले शिवार परके वाटणार नाही. नजर पोचेल तिथवर सोयाबीन आणि मका. फरक आहे तो जमिनीखाली. पूर्वी इथे 'ग्रेट ब्लॅक स्वॅम्प' नावाची अफाट दलदल होती. एकोणिसाव्या शतकात चर खणून आणि शेताखाली निचऱ्याचे नळ पुरून ती कोरडी केली गेली. आजही शेतातले पावसाचे पाणी या नळांतून नाल्याला, तिथून मॉमी नदीला आणि पुढे ईरी सरोवराला मिळते. त्याच्याबरोबर खतातला स्फुरदही जातो.

2 ऑगस्ट 2014 च्या पहाटे टोलिडोच्या प्रशासनाने बजावले : नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष शुद्ध केलेल्या पाण्यातही सापडले होते. उकळले की पाणी आटते, विष मात्र उरते आणि अधिकच दाट होते. गोड्या पाण्याच्या एवढ्या अवाढव्य सरोवराच्या काठावरची चार लाखांहून अधिक माणसे जवळजवळ तीन दिवस बाहेरून आणलेल्या पाण्यावर राहिली.

ईरीची ही दुसरी वेळ. 1960 च्या दशकात वर्तमानपत्रांनी हे सरोवर मेले असे जाहीरच केले होते. 1972 मध्ये अमेरिकेने स्वच्छ पाण्याचा कायदा केला, त्याच वर्षी कॅनडाशी करारही झाला. सांडपाणी प्रक्रिया सुधारली, साबणाच्या पावडरीतला फॉस्फेट घटवला गेला आणि सरोवर सावरले. 1973 मध्ये कॅनडातल्या डेव्हिड शिंडलर यांनी एका लहान तळ्याला मधोमध पडदा लावून दोन्ही भागांत नत्र आणि कार्बन टाकले, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. त्यानंतर शेवाळाला स्फुरदच पोसतो, याबद्दल वादाला फारशी जागा उरली नाही.

मग शेवाळ परतले कसे? कारखान्याच्या किंवा महापालिकेच्या पाइपला परवाना लागतो. शेतातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला स्वच्छ पाण्याच्या कायद्यातून सूट आहे. खासगी जमिनीत सरकारने हात घालू नये, ही भावना इथे फार खोल आहे. म्हणून शेतीबाबतचे बहुतेक उपाय ऐच्छिक आहेत : माती तपासा, खत बियाण्याजवळ जमिनीत पेरा, अनुदान घ्या. गोठलेल्या किंवा चिंब जमिनीवर खत टाकायला ओहायोने या खोऱ्यात 2015 मध्ये बंदी घातली, हा त्यातला एक अपवाद.

शेतकऱ्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत मूलद्रव्य म्हणून साधारण 10 किलो स्फुरद असतो. मॉमीच्या खोऱ्यातून वर्षाकाठी वाहून जातो तो एकरी अर्ध्या किलोच्या आसपास. पिकाला किंवा खिशाला हे नुकसान जाणवतही नाही. उथळ सरोवराला तेवढे पुरते. वाशीमच्या काळ्या जमिनीत स्फुरद मातीला घट्ट धरून राहतो, त्यामुळे तिथे पहिली काळजी बांध फुटून माती वाहण्याची. सोयाबीनच्या पेरणीआधी माती परीक्षण मात्र दोन्हीकडे सारख्याच मोलाचे.

2016 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सरोवरात येणारा स्फुरद 2008 च्या तुलनेत 40 टक्क्यांनी घटवायचा ठरवला. 2023 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने मॉमीसाठी ओहायोची स्फुरदाची मर्यादा-योजना मंजूर केली. मोठ्या पशुपालन केंद्रांच्या शेणखताला तिने पुरेसा लगाम घातला नाही, अशी तक्रार घेऊन 2024 मध्ये टोलिडो शहर त्याच खात्याविरुद्ध न्यायालयात गेले.