पावती दाखवा, साहेब!

लकडगंजात ज्याचे बालपण गेले, त्याच्या नाकातून ताज्या सागवानाचा वास जन्मात जात नाही. आमची वखार लहानशीच. पण आरामशिनीच्या घरघरीत पाढे घोकणाऱ्या आम्हां पोरांना ती एखाद्या संस्थानासारखी वाटे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर जुन्या मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले. शिवनी-बालाघाटची जंगले होती तिथेच राहिली. पण एका रात्रीत तिथला साग आम्हांला परराज्याचा झाला!

पुढे एकदा बाबांनी मला ट्रकबरोबर नेले. वाटेतल्या एका नाक्यावर कारकुनाने रक्कम सांगितली. पावतीचे नाव नाही.

"साहेब, कोणत्या कलमाखाली?" बाबांनी विचारले.

"शेठजी, कलम शोधत बसाल तर सकाळ होईल!"

"होऊ द्या," म्हणून बाबा ओंडक्यावर बसले. रात्रभर आम्ही कुडकुडलो. सकाळी पावती मिळाली, आणि रक्कम निम्मी निघाली. मात्र त्या उशिरापायी गिऱ्हाईक गेले. आई म्हणाली, "पावती शिजवून खायची का आता?"

पुढे वकिली शिकलो तेव्हा बाबांचा प्रश्न घटनेतच सापडला. कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, हे 265 वे कलम. देशभर व्यापार मोकळा, हे 301 वे. आणि परराज्यातल्या मालावर घरच्यापेक्षा जड कर नको, हे 304 वे. मध्यभारतात बाहेरून आलेल्या तंबाखूवर कर होता, घरच्या तंबाखूवर नव्हता. भाईलालभाई खटल्यात 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

वाचकहो, जगाच्या नाक्यांचीही हीच कथा! 30 ऑक्टोबर 1947 रोजी जिनिव्हात 23 देशांनी 'गॅट' करारावर सह्या केल्या. त्यांत आपला देशही होता. एका सभासदाला जो दर, तोच सर्वांना. आणि कबूल केलेल्या कमाल दरावर जायचे नाही, हे त्याचे मुख्य नियम. अपवाद आहेत: मुक्त व्यापाराचे करार, पाडलेल्या भावाचा माल, देशाची सुरक्षितता. 1995 पासून हा कारभार जागतिक व्यापार संघटना पाहू लागली. पण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर 2019 मध्ये तिचे अपील मंडळ न्यायाधीशांवाचून ठप्प झाले.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारताच्या पुष्कळशा मालावर आधी 25 टक्के, मग आणखी 25 टक्के जकात लादली. पण त्याच महिन्याच्या 29 तारखेला तिथल्याच अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी म्हटले की, 1977 च्या आणीबाणीच्या कायद्याने अध्यक्षांना अशा जकाती बसवण्याचा अधिकार दिलेला नाही. हा खटला तिथल्या लहान व्यापाऱ्यांनीही लढवला होता. म्हणजे ओंडक्यावर बसणारे तिकडेही आहेत!

नागपूरची जकात 1 एप्रिल 2013 ला गेली. 2023 मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनाला साग नागपूरहून गेला. सीमाशुल्काचा कायदा करण्याचा अधिकार त्याच घराचा. बाबांना हे ऐकून बरे वाटले असते.

ती पावती माझ्या पेटीत आहे. शाई पुसट झाली. पण कलम अजून वाचता येते.